ई. कोलायकडून सक्सिनिक आम्ल: काय करावे, काय टाळावे

काय करावे

१. के-१२ कुळातलाच निरुपद्रवी स्ट्रेन घ्या.
२. जनुकबदल केलेल्या जीवांविषयीच्या भारताच्या १९८९च्या नियमांनुसार संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे कामाची नोंद आधी करा.
३. लॅक्टेट, इथेनॉल आणि अ‍ॅसिटेटकडे जाणाऱ्या वाटा बंद करा. साखरेतला कार्बन तिथेच वाया जातो.
४. प्रत्येक जनुक काढल्यावर पीसीआरने खात्री करा, मगच पुढच्याला हात घाला.
५. स्ट्रेन ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर जपा आणि एक संच दुसऱ्या फ्रीजरमध्ये ठेवा.
६. ग्लुकोज वेगळे ऑटोक्लेव्ह करा. अमिनो आम्लांसोबत तापवल्यास माध्यम तपकिरी पडते.
७. पेशी आधी हवेवर वाढवा, मग हवा बंद करून कार्बन डायऑक्साइड सोडा. सक्सिनेटचा चौथा कार्बन त्यातूनच येतो.
८. सामू ७च्या आसपास राखा. मॅग्नेशियम कार्बोनेट घातल्यास आम्लही आवरते आणि कार्बन डायऑक्साइडही मिळतो.
९. लिटरमागे किती, साखरेच्या ग्रॅममागे किती आणि तासाला किती, हे तिन्ही आकडे एचपीएलसीवर मोजून नोंदवा.
१०. वापरलेले कल्चर १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करूनच टाका.

काय टाळावे

१. रोगकारक स्ट्रेन कोणत्याही सबबीवर वापरू नका.
२. लॅक्टेट डीहायड्रोजिनेज आणि पायरुव्हेट-फॉर्मेट लायेज दोन्ही काढलेला स्ट्रेन ग्लुकोजवर हवेविना वाढवू पाहू नका. एनएडीएच साचून वाढ थांबते.
३. वाढीच्या टप्प्यात ग्लुकोज एकदम ओतू नका. साखर जादा झाली की भरपूर हवेतही अ‍ॅसिटेट साचते.
४. मोठ्या टाकीत जनुक प्लास्मिडच्या भरवशावर सोडू नका. ते गुणसूत्रात बसवा.
५. जुन्या प्लेटवरच्या कॉलनीतून बॅच सुरू करू नका. दर वेळी फ्रीजरमधला साठा घ्या.
६. उकळत्या माध्यमात अँटिबायोटिक मिसळू नका. माध्यम ५० अंशांपर्यंत उतरू द्या.
७. ब्लीच घातलेले द्रव ऑटोक्लेव्हमध्ये ठेवू नका; विषारी वायू सुटतो.
८. कल्चर सिंकमध्ये ओतू नका आणि प्रयोगशाळेतला कोट घालून बाहेर जाऊ नका.
९. फ्लास्कमधल्या आकड्यावरून टाकीचे उत्पादन ठरवू नका. ढवळणे आणि ऑक्सिजन दोन्ही बदलतात.
१०. आम्ल वेगळे करण्याचा विचार शेवटावर ढकलू नका. मोठा खर्च तिथेच होतो.
११. एका बॅचवरून निष्कर्ष काढू नका. तीन स्वतंत्र बॅचचे आकडे जुळले, तरच ते सांगा.