तांबडा मणी

वैद्यकीय शिक्षण पुरे झाले म्हणजे तरुण डॉक्टर बहुधा दवाखाना थाटतो. दारी येईल त्या रोग्याची नाडी पाहावी, त्याला औषध द्यावे, बरे करून घरी धाडावे, हे त्याचे काम. आणि ते थोरच आहे. परंतु जो रोगी दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाही, त्याचे काय? आणि ज्या एका कारणाने गावोगावची माणसे आजारी पडतात, ते कारण कोणी दूर करावयाचे?

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांना हे प्रश्न ऐन तारुण्यातच पडले. अभय बंग यांचा जन्म 1950 सालचा. वडील ठाकुरदास बंग हे स्वातंत्र्यसैनिक. त्यामुळे सेवाग्राम आश्रमाचे संस्कार घरातच होते. पतिपत्नी दोघांचेही वैद्यकीय शिक्षण नागपुरास झाले. पुढे वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत काम करताना त्यांच्या ध्यानात आले की, शेतमजुरांच्या पुष्कळ दुखण्यांचे मूळ अर्धपोटी राहण्यात आहे. मग अभय बंग हिशेब मांडून बसले. दिवसभर राबणाऱ्या माणसाला किती अन्न लागते, त्याला किती पैसे पडतात, आणि सरकारने ठरविलेल्या किमान मजुरीत ते बसते का? ते बसत नव्हते. हा हिशेब सरकारपुढे व लोकांपुढे गेला, आणि अखेरीस किमान मजुरी दिवसाला 4 रुपयांवरून 12 रुपयांवर गेली. एवढी भूक कोणत्या औषधाने भागली असती?

संशोधनाची ही शक्ती ओळखून दोघे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. 1984 साली सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन ते परतले, आणि 1986 साली त्यांनी महाराष्ट्राच्या पूर्व टोकाच्या गडचिरोली जिल्ह्यात ठाण मांडले. दाट अरण्य, वाटा तुटपुंज्या, वस्ती गोंड व इतर आदिवासींची. पांढऱ्याशुभ्र मोठ्या इमारतींचे लोकांना भय वाटे. म्हणून रुग्णालय झोपड्यांच्या धर्तीवर बांधले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले.

त्या भागात न्यूमोनियाने पुष्कळ मुले दगावत. न्यूमोनिया झालेल्या बाळाचा श्वास जलद चालतो. तो मोजला की रोग ओळखता येतो. पण मोजणार कोण? गावची दाई अनुभवी असली, तरी तिला शाळा ठाऊक नव्हती आणि पन्नास-साठपर्यंतचे आकडे येत नव्हते. तेव्हा मण्यांचे एक साधे यंत्र तयार करण्यात आले. सोबतीला एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी तांबड्या मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. इतकी मोठी विद्या इतक्या लहान यंत्रात मावली, हे पाहून नवल वाटते. या कामाचे फलित 1990 साली प्रसिद्ध झाले. जेथे हे उपचार मिळत होते, तेथील न्यूमोनियाचे बालमृत्यू उपचार नसलेल्या गावांच्या निम्म्याहून कमी झाले होते.

तरीही नुकती जन्मलेली बाळे जातच होती. म्हणून 39 गावांतील थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करण्यात आले. बाळाचे वजन करणे, त्याला उबेत ठेवणे, लगेच आईचे दूध पाजविणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास घेण्यास साहाय्य करणे, आणि जंतुसंसर्ग दिसताच इंजेक्शन देणे, हे सारे त्या शिकल्या. खेड्यातील बाईच्या हाती सुई द्यावी काय, अशी शंका अनेकांना आली. शंका अगदीच अनाठायी नव्हती. परंतु तिला उत्तर वादाने नव्हे, मोजणीने मिळाले. आधी त्या गावांत दर हजार बाळांपैकी सुमारे 62 बाळे पहिल्या महिन्यातच मरत. उपचारांच्या तिसऱ्या वर्षी तो आकडा सुमारे 26 वर आला. तुलनेच्या गावांत मात्र तो 60 च्या आसपासच राहिला.

हा निष्कर्ष 1999 साली ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पण कागदावरची गोष्ट देशाचे धोरण व्हायला वेळ लागतो. भारत सरकारने घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची योजना ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत सुरू केली, ती 2011 साली. मधली बारा वर्षे हा विचार अधिकाऱ्यांना व तज्ज्ञांना पुनःपुन्हा समजावून देण्यात गेली. शस्त्रक्रियेइतकीच ही चिकाटीही डॉक्टरच्या कामाचा भाग असू शकते, हे सहसा कोणी सांगत नाही. गडचिरोलीतील सारेच उपचार काही या योजनेत आले नाहीत. इंजेक्शनाचे काम आशांकडे सर्वसाधारणपणे सोपविलेले नाही. मात्र घरी जाऊन बाळ पाहण्याचा नियम झाला. बाळ रुग्णालयात जन्मले तर सहा वेळा आणि घरी जन्मले तर सात वेळा, बेचाळीस दिवसांच्या आत, आशा त्या दारी येते. तिच्या पिशवीत वजनकाटा असतो, तापमापक असतो, घड्याळ असते. ती आधी हात स्वच्छ धुते, आईपाशी बसते आणि बाळाचे श्वास मोजू लागते.