मागील झडपांची वेळ

चार नळ्यांच्या कार्ब्युरेटरांत पुढील दोन नळ्या यंत्रास नित्य पेट्रोल व हवा पुरवितात. मागील दोहोंच्या झडपा जोर लागेल तेव्हांच उघडतात. त्या जितक्या लवकर उघडतील तितकें बरें, असें आमच्या विद्यार्थ्यांस वाटेल. तसें नाहीं. यंत्र मंद फिरत असतां त्या उघडल्या, तर हवा एकदम आंत शिरते, पेट्रोल मागें राहतें, आणि ऐन दुसऱ्या मोटारीस मागें टाकतांना आपली अडखळते.

होली कंपनीच्या कांहीं कार्ब्युरेटरांत ही वेळ एक लहानशी स्प्रिंग ठरविते. यंत्राचा वेग वाढला कीं पुढील नळीच्या अरुंद गळ्यांत हवेचा दाब घटतो, व त्याबरोबर डबींतील पडद्यावरचाही. मग खालची हवा पडद्यास वर ढकलते व त्याची दांडी झडपा उघडते. स्प्रिंग त्यास अडविते. पांढरी सर्वांत मऊ, काळी सर्वांत कडक.

दांडी किती वर गेली हें कळावें कसें? कागदाची साधी क्लिप दांडीवर डबीच्या तळाशीं भिडवून मोकळ्या रस्त्यावर मोटार पूर्ण जोरानें न्यावी. क्लिप जितकी खालीं सरकेल तितकी दांडी वर गेली. ही युक्ति आम्हांस फार आवडते. यंत्र थांबवून क्रमानें मऊ स्प्रिंग घालीत जावें; मोटार अडखळूं लागली कीं एक पायरी मागें यावें.