हौद बाहेरूनही गळतो!



मागच्या पावसाळ्यात पिशोर भागातल्या एका गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "मॅडम, आमच्या हौदात पाणी सोडलं नाही तरी पाणी वाढतंय." सगळ्या हसल्या. एक मावशी म्हणाल्या, "अगं, लक्ष्मी आली म्हण!" पण ताईंचा चेहरा उतरलेला होता. त्यांच्या दोन्ही लेकरांना जुलाब लागले होते.

बैठक संपल्यावर मी त्यांच्या घरी गेले. अंगणात जमिनीखाली हौद, त्याच्या बाजूने सांडपाण्याची नाली, आणि थोड्याच अंतरावर ओढा. जमिनीत मुरलेलं पाणी हौदाच्या भिंतीतून आत येत होतं, आणि नालीची घाणही त्याच्यासोबत. हौद त्यांनी गटातून अंतर्गत कर्ज काढून बांधला होता. हप्ते अजून चालू होते.

मी समाजकार्य शिकलेली, बांधकामातलं मला काही कळत नव्हतं. म्हणून एका जाणत्या मिस्त्रीकाकांना आणि एका इंजिनिअर ताईंना विचारून घेतलं. तेच आज तुमच्यापुढे मांडते.

पहिली गोष्ट : पाणी दोन्हीकडून येतं

हौद म्हटलं की आपण फक्त आतलं पाणी बाहेर जाऊ नये एवढंच बघतो. उन्हाळ्यात तसंच होतं. टँकरचं विकतचं पाणी आपण जमिनीला पाजतो. पण पावसाळ्यात ओढ्याकाठी, अंजना नदीच्या बाजूला किंवा पाटाच्या पाण्याखालच्या शेताजवळ जमिनीतलं पाणी वर चढतं आणि बाहेरून भिंतीवर दाब देतं. नुसतं आतून प्लास्टर केलेलं असेल, तर हा दाब ते प्लास्टर मागून ढकलून सोडवतो. म्हणून जमिनीखालच्या हौदाला आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून काम लागतं. बाहेरचं काम माती लोटण्याआधीच होतं. एकदा माती लोटली की पुन्हा खोदाखोद आणि दुप्पट खर्च.

दुसरी गोष्ट : औषधापेक्षा काँक्रीट महत्त्वाचं

"वॉटरप्रूफिंगचं औषध टाकलंय, आता काळजी नाही," असं ऐकलं की सावध व्हा. औषध चांगल्या काँक्रीटला मदत करतं, खराब काँक्रीटला वाचवत नाही. काम चालू असताना हे बघा :

• काँक्रीटमध्ये पाणी जास्त नको. 50 किलोच्या एका पोत्याला साधारण 25 लिटर. पातळ केलं की पसरायला सोपं जातं, पण जास्तीचं पाणी उडून गेल्यावर मागे बारीक छिद्रं राहतात. पाणी तिथूनच वाट काढतं.
• तळ आणि भिंत जिथे भेटतात तो सांधा सर्वात कच्चा. तळ भरतानाच भिंतीचा खालचा थोडा भाग सोबत भरून घ्या. पुढचं काँक्रीट टाकण्याआधी जुना सांधा खरवडा, धुवा, सिमेंटचं पाणी लावा.
• आतल्या कोपऱ्यांना प्लास्टर करताना गोलाई द्या. काटकोनात भेग लवकर पडते.
• पाइप आधीच बसवून घ्या. नंतर भिंत फोडून बसवलेला पाइप हमखास पाझरतो.
• किमान 10 दिवस पाणी मारा, कडक उन्हात 14 दिवस. हे काम आपल्याच हातात असतं.
• डांबराचा लेप फक्त बाहेरून. पिण्याच्या पाण्याला आतून डांबर नको.
• भोवती काळी माती लोटू नका. ती पावसात फुगते, उन्हात आकसते. मुरूम थरथर टाकून धुम्मस करा.

शहरात गेल्यावर आपण पाणचक्की बघतो. तिथल्या मोठ्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत आहे. वर पाणी आणि खाली माणसं बसायची जागा! शेजारून खाम नदी वाहते. त्या काळी आजचं सिमेंट नव्हतं, काम चुन्याचं होतं. भारी औषध नसतानाही काम टिकतं, ते नीट केलं तर.

तिसरी गोष्ट : मोजल्याशिवाय मान्य करू नका

पाण्याच्या टाक्यांसाठी आपल्या देशाचं मानक आहे, आयएस 3370. त्यात चाचणीची पद्धत दिली आहे : हौद भरून 7 दिवस काँक्रीटला पाणी पिऊ द्यायचं, मग पुढचे 7 दिवस रोज पातळी मोजायची. एकदम न भरता थोडं थोडं भरा. पातळीवर खूण करा, झाकण ठेवा. भोवतीची माती लोटण्याआधीच ही चाचणी करा, म्हणजे ओल कुठे येते ते डोळ्यांनी दिसतं. पाणी वाया जात नाही, नंतर वापरता येतं.

हिशोब सोपा आहे. 2 मीटर लांब, 2 मीटर रुंद हौदात पाणी 1 सेंटिमीटर उतरलं, तर 40 लिटर गेलं. रोज तेवढं गेलं, तर महिन्याला 1200 लिटर!

चौथी गोष्ट : पावसाळ्यात हौद रिकामा ठेवू नका

रिकामी घागर विहिरीत दाबून बघा, ती वर उसळते. जमिनीत पाणी भरलं की रिकाम्या हौदालाही तसाच जोर लागतो. 2 बाय 2 मीटरचा, दीड मीटर खोल हौद पूर्ण पाण्याने वेढला गेला, तर तो जोर 6 टनांच्या वर जातो. तळ उचलला जातो, भेगा पडतात. म्हणून हौद धुणं मे महिन्यातच उरका, पावसाळ्यात पाणी ठेवा.

आणि एक कळकळीची सूचना. बंद हौदात एकट्याने उतरू नका. आधी झाकण बराच वेळ उघडं ठेवा, वर कुणीतरी उभं पाहिजेच. संडासच्या टाकीत तर कुणीही उतरायचं नाही, कुणाला उतरवायचंही नाही. आत विषारी वायू असतो, जीव जातो.

त्या ताईंचं काय झालं?

पाणी पिणं त्याच दिवशी थांबवलं. लेकरांना दवाखान्यात नेलं, ती बरी झाली. पावसाळा सरल्यावर नालीकडची बाजू खोदून बाहेरून काम केलं, आतला सांधा खरवडून पुन्हा भरला, नाली पक्की करून लांबून वळवली. गटाने हप्त्यांना मुदत वाढवून दिली. पण जे काम आधी थोडक्यात झालं असतं, त्याला दुसरं कर्ज लागलं.

त्यानंतर त्या गटाने एक ठराव केला : हौदासाठी कर्ज दिलं, तर मिस्त्रीचा शेवटचा हप्ता पाण्याची चाचणी झाल्यावरच द्यायचा, आणि चाचणी बघायला गटातल्या दोघीजणी जाणार.

पुढच्या बैठकीत हे करा

1. कुणाकुणाकडे जमिनीखालचा हौद आहे? त्याच्यापासून नाली आणि संडासचा खड्डा किती लांब? हौद चढाला आहे की उताराला?
2. पावसात कुणाच्या हौदातलं पाणी आपोआप वाढतं किंवा गढूळ होतं?
3. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या 5 महिलांना पाणी तपासायचं शिकवण्याची तरतूद आहे. आपल्या गावातल्या त्या पाचजणी कोण? त्यांच्याकडून हौदाचं पाणी तपासून घ्या.
4. वरच्यासारखा ठराव आपल्या गटात करायचा का? चर्चा करा, इतिवृत्तात लिहा.

मिस्त्रीला प्रश्न विचारायला लाजू नका, तायांनो. पैसा आपला, पाणी आपलं, आणि ते पिणारी लेकरंही आपलीच.

— तुमची क्षेत्र समन्वयक, पिशोर