कॅमेरा उन्हात नेऊन बघ

बाबू, मोठा कॅमेरा तुझ्याकडे आहे, लेन्सही पुरेशा आहेत. आता खिशात मावेल असा, पण खेळणं नसलेला, दुसरा कॅमेरा पाहिजे म्हणतोस. घे, काही हरकत नाही. फक्त एक ऐक. सीताबर्डीच्या दुकानात, एसीच्या गारव्यात आणि पांढऱ्या दिव्यांखाली सगळेच कॅमेरे देखणे दिसतात. दुकानदाराला म्हण, "भाऊ, जरा बाहेर नेऊन पाहतो." तो का-कू करेल. गाडीची चावी काउंटरवर ठेव आणि दुपारी एकच्या उन्हात फुटपाथवर उभा राहा. मागच्या पडद्यावर चित्र दिसतं का बघ. आपल्याकडे मार्च ते जून त्यात चित्र कमी आणि स्वतःचं तोंडच जास्त दिसतं.

म्हणून माझ्या हिशेबात पहिला मान व्ह्यूफाइंडरचा. लोक सेन्सरपासून सुरुवात करतात आणि डोळा कुठे लावायचा हे घरी आल्यावर पाहतात. सोनीच्या २०१२ च्या पहिल्या आरएक्स १०० ला व्ह्यूफाइंडर नव्हता. २०१४ च्या तिसऱ्या मॉडेलमध्ये तो आला, कोपऱ्यातून वर उसळणारा. फुजीच्या एक्स १०० ला २०११ पासून आहे आणि तोही दुहेरी: पुढची कळ ओढली की काचेतून थेट, पुन्हा ओढली की इलेक्ट्रॉनिक. रिकोच्या जीआरला मुळातच नाही. वर वेगळा बसवावा लागतो. चष्मा असेल तर चष्म्यासकट डोळा लावून चारही कोपरे दिसतात का ते बघ, आणि बाजूचं डायॉप्टरचं चाक सापडतं का तेही. हे चाक फिरवून न बघताच व्ह्यूफाइंडर धूसर आहे म्हणणारे लय भेटतात.

सेन्सरचं थोडक्यात सांगतो. ज्याला एक इंची म्हणतात तो मोजायला गेलं तर १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो. एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६, म्हणजे क्षेत्रफळात तिप्पट. पूर्वी एक इंची सेन्सर म्हणजे कॉम्पॅक्टमधली श्रीमंती होती. आता तेवढाच सेन्सर काही मोबाईलमध्येही येतो, तेव्हा नुसत्या त्याच्यासाठी पैसे घालू नको. मोबाईल देत नाही ते मिळतंय का ते विचार: खरं झूम, उघडमीट करता येणारं अ‍ॅपर्चर, जोरदार फ्लॅश, डोळ्याला खिडकी. मेगापिक्सेलचा तर विषयच काढू नको. कॅननने २००८ च्या जी १० मध्ये १४.७ मेगापिक्सेल दिले आणि पुढच्याच वर्षी जी ११ मध्ये १० वर आणले, कारण छोट्या सेन्सरवर ती गर्दी कमी उजेडात दाणेदार होत होती. कंपनीनेच पाऊल मागे घेतलं, तर आपण काहून पुढे धावायचं?

लेन्सवर दोन आकडे लिहिलेले असतात. जाहिरातीत पहिलाच मोठा छापतात, तू दुसरा वाच. एफ १.८ ते ४.९ लिहिलं असेल तर झूम पूर्ण ताणल्यावर उजेड सातपटीहून जास्त घटतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या संध्याकाळी दीक्षाभूमीवर तुला रांगेतल्या म्हातारीचा चेहरा टिपायचा आहे, दिवे नुकते लागलेत, आणि लेन्स ४.९ वर जाऊन बसली, की आयएसओ चढतो आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसल्या जातात. त्यापेक्षा १.८ ते २.८ वाली २४ ते ७० परवडली. आणि सुरुवात २८ नको, २४ च बघ. स्तूपाचा घुमट २८ मध्ये बसवायला गर्दीत मागे सरकावं लागतं, आणि त्या दिवशी तिथे मागे सरकायला जागा नसते.

आणखी एक, जे मोठ्या कॅमेऱ्यावर हात बसलेल्यांच्या हमखास डोक्यातून जातं. तुला निसर्गचित्रासाठी एफ ११ लावायची सवय आहे. एक इंची सेन्सरवर एफ ८ म्हणजे फुल फ्रेमच्या एफ २२ सारखा. खोली तेवढीच आणि विवर्तनाने येणारा मऊपणाही तेवढाच. तिथे एफ ४ ते ५.६ च्या पुढे जायची गरजच नाही. अंबाझरीच्या काठावरचा फोटो मऊ आला म्हणून लेन्सला शिव्या देणाऱ्यांनी आधी अ‍ॅपर्चरचा आकडा पाहावा.

आता आपल्या उन्हाचं, कारण नागपुरात राहून यावर बोललो नाही तर बाकी सगळं फुकट. जुना हिशेब तुला येतो: कडक ऊन, एफ १६, आणि शटर आयएसओच्या आकड्याएवढं. आयएसओ १२५ ला १/१२५. त्याच उन्हात लेन्स एफ १.८ ला उघडून मागची गर्दी पुसायची असेल तर शटर १/१०,००० च्या आसपास न्यावं लागेल. आरएक्स १०० च्या तिसऱ्या मॉडेलचं यांत्रिक शटर १/२००० ला थांबतं. इथे आत बसवलेला एनडी फिल्टर कामी येतो; तीन स्टॉप उजेड खाल्ला की हिशेब १/१२५० वर उतरतो. म्हणून मेनूत एनडी आहे का हे विचारून घे. नवं मॉडेल म्हणजे सगळं जास्तीचं असं नसतं: त्याच मालिकेत २०१८ ला सहावं मॉडेल आलं तेव्हा झूम २०० पर्यंत गेलं, पण एनडी काढून टाकला आणि लेन्सही २.८ पासून सुरू झाली. सरळ सांगायचं तर तुझ्यासारख्याला सहाव्यापेक्षा तिसरं चांगलं.

छोट्या कॅमेऱ्यांच्या शटरचा एक गुण मला एनडीहूनही मोलाचा वाटतो. या कॅमेऱ्यांत बहुधा लीफ शटर असतं, लेन्सच्या आतच उघडमीट होणारं. मोठ्या कॅमेऱ्याचा फ्लॅश १/२०० किंवा १/२५० च्या वर नीट जुळत नाही. हाय-स्पीड सिंक लावलं तर ताकद घटते. लीफ शटरवर १/१००० लाही छोटासा फ्लॅश पुरा पोचतो. आता डोळ्यांसमोर आण: मे महिना, कॉटन मार्केट, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला भाजीवाला. दुपट्ट्याच्या सावलीत डोळे काळेठिक्कर, मागची भिंत पांढरीफटक. एक्स १०० चा अंगचा फ्लॅश दोन स्टॉप कमी करून मारलास की भिंतही राहते आणि डोळेही. हे काम तुझा दोन किलोचा संच इतक्या सहज करणार नाही. जीआर घेणार असशील तर लक्षात ठेव, २०१३ च्या मॉडेलला आणि जीआर टूला फ्लॅश होता, २०१९ च्या जीआर थ्रीमधून तो गेला.

तरीही जीआरवाल्याला मी हसत नाही, आणि त्याचं कारण मारबतीची मिरवणूक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे समोरासमोर येतात, बडग्यांचे पुतळे नाचत असतात, अंगावर अंग. तिथे डोळ्याला कॅमेरा लावलास की धक्क्याने भुवई फुटेल. मोठी लेन्स बाहेर काढलीस की अर्धी पोरं पोज देतात, अर्धी हात आडवा करतात. जीआरमध्ये स्नॅप फोकस नावाची सोय आहे: अंतर आधीच ठरवून ठेवायचं, बटण एका दमात दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही. जीआर थ्रीच्या २८ मिमीच्या दृश्यकोनात एफ ५.६ आणि अडीच मीटर लावून ठेवलंस तर साधारण दीड मीटरपासून चौदा-पंधरा मीटरपर्यंत सगळं कामापुरतं स्पष्ट येतं. कॅमेरा छातीशी धर, नजर माणसांवर ठेव. बॅटरी-कार्डासकट वजन २५७ ग्रॅम, सगळं एका हातात. जपानचे छायाचित्रकार दाइदो मोरियामा वर्षानुवर्षे असेच रस्त्यावर जीआर घेऊन फिरले. आणि छोट्या कॅमेऱ्याने गंभीर काम होत नाही म्हणणाऱ्याला अ‍ॅलेक्स माजोलीचं नाव सांग. मॅग्नमच्या या इटालियन छायाचित्रकाराने २००३ च्या सुमारास काँगो आणि इराकमधलं काम ऑलिम्पसच्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांवर केलं. ते जेमतेम पाच मेगापिक्सेलचे होते.

वाघासाठी मात्र कॉम्पॅक्ट घेऊ नको. ताडोब्यात २०० मिमीला वाघ म्हणजे गवतात पिवळा ठिपका. सोनीचा आरएक्स १० चौथा ६०० पर्यंत जातो, पण त्याचं वजन किलोच्या वर, मग तो खिशातला राहिला कुठे? तरी जंगलात छोटा कॅमेरा सोबत असू दे. कोअरमध्ये मोबाईल वापरता येत नाही, आणि तुझ्या मोठ्या कॅमेऱ्यावर लांब लेन्स चढवलेली असते. मग गाईडचा चेहरा, जिप्सीतून मागे पडणारा रस्ता, पाणवठ्यावरचं आभाळ, हे टिपायला दुसरं काही हाताशी नसतं.

जिप्सी म्हणजे धूळ, आणि धुळीबद्दल नीट ऐक. झूम होताना पुढे सरकणारी लेन्स भात्यासारखी हवा ओढते, आणि उन्हाळ्यात उमरेड-कऱ्हांडल्याच्या रस्त्यावरची हवा म्हणजे निम्मी मातीच. ती धूळ सेन्सरवर जाऊन बसली की कॉम्पॅक्टमध्ये तुला स्वतः पुसता येत नाही. लेन्स निघतच नाही, सगळा कॅमेरा खोलावा लागतो. चालत्या गाडीत तो बंद ठेव, थांबल्यावरच काढ. झिपवाली प्लास्टिकची पिशवी पुरते, महागडं पाऊच नको. एक्स १०० व्ही आणि त्यानंतरच्या मॉडेलला पुढे अ‍ॅडाप्टर रिंग आणि फिल्टर लावला तर धूळ-पाण्यापासून बरंच संरक्षण मिळतं; ती रिंग वेगळी विकत घ्यावी लागते, तिचे पैसे आधीच धर. जीआरला असं काही नाही.

उष्णतेचंही तसंच. बहुतेक माहितीपुस्तिकांत चालवायचं तापमान शून्य ते चाळीस अंश लिहिलेलं असतं. आपलं नागपूर मे २०१३ मध्ये ४७.९ ला गेलं होतं. म्हणजे कागदोपत्री दीड-दोन महिने आपण नियमाबाहेरच असतो, बाप्पा. फोटोंना सहसा काही होत नाही, पण फोर-के व्हिडिओ लावलास तर छोट्या शरीराला उष्णता बाहेर टाकायला जागा नसते आणि तो मधेच बंद पडतो. स्कूटरच्या डिक्कीत कॅमेरा ठेवायचा नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. घरी आल्यावर कूलरच्या झोतासमोरही ठेवायचा नाही. त्या हवेत पाणी असतं, आणि पुढे पावसाळा लागला की लेन्समध्ये बुरशी धरायला तेवढं पुरतं. घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेल, झालं.

जुना घ्यायला लाजू नको. २०१० मध्ये जगभरात सुमारे १० कोटी ८० लाख कॉम्पॅक्ट विकायला पाठवले गेले; २०२३ मध्ये उरले १७ लाखांच्या आसपास. कंपन्यांनी मालिकाच्या मालिका बंद केल्या, त्यामुळे नवीन मालाची निवड तोकडी आणि भाव चढे. जुना पाहताना झूम पाचसहा वेळा पूर्ण आतबाहेर कर आणि कान दे. करकर आली तर परत दे. मग सर्वांत लहान अ‍ॅपर्चर लावून मोकळ्या निळ्या आभाळाचा एक फोटो काढ, मोठा करून बघ. काळे ठिपके म्हणजे आत गेलेली धूळ. मूळ बिलावरचा आणि तळावरचा नंबर जुळतो का ते बघ. परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवणार असशील तर भारतातली वॉरंटी मिळते का ते आधी विचार. जपानच्या बाजारातल्या सोनीत तर बहुधा मेनू फक्त जपानीच असतो, भाषा बदलायची सोयच नसते.

कोणता घेऊ, हे सरळ विचारलंस तर: झूमची हौस तुझा मोठा कॅमेरा पुरवतो, म्हणून तू ठरावीक लेन्सवाला घे. गर्दीत घुसून काम करायचं असेल तर जीआर थ्री. माणसांचे चेहरे जास्त काढणार असशील तर त्याचाच ४० मिमीवाला भाऊ, जीआर थ्री एक्स. उन्हातच दिवस जाणार असेल तर एक्स १००, पण तो अर्ध्या किलोचा आहे, शर्टाच्या खिशात जाणार नाही. रॉ फाइल दुकानात मागच्या पडद्यावर पाहून ठरवू नको. स्वतःचं कार्ड घेऊन जा, एक फोटो उन्हात, एक जिन्याखालच्या अंधारात काढ, घरी मोठ्या स्क्रीनवर बघ आणि दुसऱ्या दिवशी पैसे दे. जीआर थ्रीची बॅटरी कंपनीच्याच आकड्याप्रमाणे दोनशेएक फोटो देते. तेव्हा जास्तीच्या दोन घे, आणि कंपनीच्याच घे. स्वस्तातल्या आपल्या उन्हाळ्यात फुगतात.