खडकाखालून पाणी जाऊ द्या

खाऱ्या पाण्याची टाकी घरात आणायची ठरली की आधी माशांची यादी होते. मग दिवे, मग टाकीखालचं कपाट. दगड मात्र दुकानदार आणेल ते आणि तो रचेल तसे. तलासरीला माझ्या थोरल्या भावाकडे असंच झालं आणि भोगलं ते माशांनी.

टाकी 4 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच. म्हणजे 450 लिटरच्या आसपास पाणी. काम घेतलेल्या माणसाने आधी तळाला वाळूचा जाड थर अंथरला आणि त्यावर, मागच्या काचेला टेकवून, दगडांची भिंतच चढवली. दिसायला भरगच्च. दादा खूश. त्या टाकीत एक गोबी मासा होता. तोंडात वाळू भरायची, बाहेर येऊन थुंकायची, पुन्हा आत शिरायचं, हाच त्याचा दिवसभराचा उद्योग. त्याने बीळ केलं ते नेमकं सगळ्यात मोठ्या दगडाखाली. एका रात्री तो दगड कलला आणि वरचे दगड घसरत खाली आले. काच वाचली. पण भिंतीमागे साचलेला गाळ उसळून पाणी काळपट झालं आणि झाकण उघडताच सडक्या अंड्यांचा वास आला. सकाळी अमोनियाची चाचणी केली, तर नळीत पिवळं राहायला हवं ते पाणी गर्द हिरवं झालं. क्लाउनफिशची जोडी दुपारपर्यंत गेली.

गोबीला दोष देण्यात अर्थ नाही. वाळू उकरणं हा त्याचा स्वभावच आहे. दगड वाळूवर ठेवला की कधी ना कधी तो खालून पोखरला जाणार, म्हणून दगड आधी काचेवर बसवायचा आणि वाळू नंतर त्याच्या भोवतीने ओतायची. काचेला ओरखडे पडतील अशी भीती वाटत असेल तर तळाला प्लास्टिकची जाळी घाला. ही एवढी एकच गोष्ट पाळली तरी निम्मे अपघात टळतात.

पण पडझडीपेक्षा मला त्या वासाची जास्त काळजी वाटते, कारण दगड पडले नसते तरी भिंतीमागे तो गाळ सडतच राहिला असता. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. दगडाच्या छिद्रांत वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. म्हणजे टाकीचं खरं गाळणयंत्र दगडच. या जिवाणूंना प्राणवायू लागतो आणि तो त्यांना फिरत्या पाण्यातूनच मिळतो. दगड चिणून बसवले की आतलं पाणी कोंडतं, प्राणवायू संपतो, तिथे वेगळ्याच जातीचे जिवाणू माजतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्यांचा वास त्याचाच.

आमच्याकडच्या लोकांना हे पुस्तकात शोधायची गरज नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, पूर्ण सुकतीला, डहाणू तालुक्यातल्या वाढवण-वरोरच्या खडपावर चालत जा. खंभातच्या आखाताकडून येणाऱ्या गाळाने आपलं पाणी वर्षाचा बराच काळ गढूळच असतं. तरी ज्या कपारीतून भरती-सुकतीचं पाणी आरपार जातं, तिच्या छताला स्पंज, समुद्रफुलं, कालवं दाटीने चिकटलेली दिसतील. त्याच्याच शेजारी बंद खळगा असेल, तर त्यात बोट घाला: वर पातळ तपकिरी साय, खाली काळा चिखल. टाकीत कसली रचना हवी आणि कसली नको, ते हातभर अंतरात कळतं.

बघून झालं की रिकाम्या हाताने परत या. माझा याबाबतीत फार आग्रह आहे. आपला किनाऱ्याचा दगड काळा बेसाल्ट, घट्ट आणि जड. जिवाणूंना राहायला त्यात जागा कमी. त्यावरचे जीव बादलीत मरतात आणि टाकीत सडतात. शिवाय त्या खडपावर किनाऱ्यावरच्या बाया कालवं काढतात, त्यांची ती रोजची मिळकत आहे. डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर आहे. 2024 मध्ये वाढवण बंदराला केंद्राची मंजुरी मिळाल्यापासून या खडपाबद्दल इतकं बोललं जातंय, तर हौसेपोटी त्याचे तुकडे उचलणारे आपण तरी नसावं.

दुकानात ‘लाइव्ह रॉक’ म्हणून जे मिळतं, त्याची आधी नीट चौकशी करा. खरा लाइव्ह रॉक म्हणजे बहुतेक वेळा प्रवाळाचा जुना सांगाडा, जिवाणूंसकट समुद्रातून काढलेला. 2001 पासून खडक बांधणारी प्रवाळं, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे हे सगळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. जिवंत असो की मेलेलं, बाळगणं गुन्हा, आणि शिक्षा 3 ते 7 वर्षांची. मुंबईत कोस्टल रोडच्या कामात हाजी अली आणि वरळीची प्रवाळं 2020 मध्ये हलवली, तीसुद्धा रीतसर परवानगी घेऊन. तिथे आपल्या घरच्या टाकीची काय कथा. म्हणून सिरॅमिकचा किंवा सिमेंटमध्ये ॲरागोनाइट मिसळून केलेला सच्छिद्र दगड घ्या. सिमेंटचा असेल तर गोड्या पाण्यात, पाणी बदलत, सामू स्थिरावेपर्यंत भिजवा.

दगड कोरडे असतानाच रचना करून बघावी. टाकीच्या तळाच्या मापाचा पुठ्ठा कापून जमिनीवर पसरा आणि चारही बाजूंनी 8 ते 10 सेंटीमीटर सोडून रेघ मारा. त्या रेघेबाहेर दगड जाऊ द्यायचा नाही, कारण काच पुसायचं चुंबक आणि पाणी दोन्ही तिथून फिरायला हवीत. सगळ्यात रुंद, सपाट बुडाचे तीन दगड खाली. त्यांवर पूल टाकल्यासारखा चौथा. वरचा प्रत्येक दगड खालच्या दगडांना निदान तीन जागी टेकलेला हवा. दोनच जागी टेकला तर तो आज ना उद्या डुलणार. आता वरचा दगड धरून हलवून बघा. मग टॉर्च घेऊन जमिनीवर आडवे व्हा आणि या बाजूने उजेड मारा. तो पलीकडे कुठूनच दिसत नसेल तर रचना मोडा आणि पुन्हा मांडा. दादाच्या टाकीत आम्ही भिंतीच्या जागी दोन बेटं केली, एक मोठं, एक लहान, मध्ये मोकळी वाळू. दगड आधीच्या निम्म्याने उरले आणि मासे जास्त फिरू लागले. पाण्याच्या उंचीच्या दोन तृतीयांशाच्या वर दगड नेऊ नये, वर पोहायला जागा राहते.

जोड पक्के करायला मत्स्यालयासाठी म्हणून मिळणारी इपॉक्सी पुट्टी आणि सायनोॲक्रिलेट जेल वापरा. हार्डवेअरच्या दुकानात बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन पुढे करतील, ते घेऊ नका. बुरशी मारणारं रसायन टाकीतल्या जिवांनाही सोडत नाही.

कोरडा दगड जिवंत व्हायला महिना-दीड महिना लागतो. आरओच्या पाण्यात कृत्रिम मीठ घालून विशिष्ट गुरुत्व 1.025 ला आणा, बाटलीतले जिवाणू सोडा आणि त्यांना खाद्य म्हणून शुद्ध अमोनियम क्लोराइड द्या, लिटरला 2 मिलिग्रॅम अमोनिया होईल इतकंच. अमोनियम क्लोराइड म्हणजे नवसागरच, पण कल्हईवाल्याचा नको, प्रयोगशाळेच्या प्रतीचा हवा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही 24 तासांत शून्यावर यायला लागले की पहिला मासा. तोही समुद्रातून धरलेला नको, पैदास केंद्रातला घ्या. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास आपल्याकडे कधीच जमवली आहे.

राहिला प्रवाह. दोन वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलवणारे पंप, समोरासमोर लावा, दोन्हींचं मिळून ताशी टाकीच्या वीसपट पाणी फिरेल असे. त्यांचा झोत दगडावर थेट मारू नका, बेटांच्या मधून जाऊ द्या. आठवड्यातून एकदा मोठ्या ड्रॉपरने दगडांच्या फटीत पाणी मारा. गाळ उडाला तर तिथे प्रवाह पोचत नाही असं समजा आणि पंपाचं तोंड थोडं वळवा. मे महिन्यात तलासरीला दुपारी वीज गेली की पाणी तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. तेव्हा इन्व्हर्टरवर दिवे ठेवू नका. एक वेव्हमेकर आणि हवेचा पंप, एवढंच त्यावर जोडून ठेवा.