गोळी नको, गजराचं घड्याळ घ्या

गेल्या महिन्यात एक काकू नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. काकूंचं वय ६२, नातवाचं १४. "डॉक्टर, याच्या हातातला मोबाइल सुटतच नाही. मेंदूवर परिणाम होतो ना हो? जरा तुम्हीच सांगा याला." पोरगा मान खाली घालून खुर्चीच्या फाटक्या रेक्झिनमध्ये बोट घालून बसलेला. विचारपूस केली तर साहेब साडेदहाला झोपतात, सहाला उठतात, संध्याकाळी कबड्डीला जातात. तेवढ्यात काकूंच्या पिशवीत 'टिंग' वाजलं. पुन्हा वाजलं. तिसऱ्या वेळी त्यांनी चष्मा लावून फोन बाहेर काढला, तेव्हा नातू पहिल्यांदा हसला. म्हणाला, "रात्री दोनपर्यंत आजीच जागी असते."

काकू सहा महिन्यांपासून माझ्याकडे झोपेची गोळी मागत होत्या. मी त्यांचा रक्तदाब पाहिला, थायरॉइड तपासलं, संध्याकाळचा चहा बंद करायला लावला. उशाशी काय असतं, हे मात्र एकदाही विचारलं नाही. चूक माझीच.

इंटरनेटच्या आहारी गेल्यानं डोकं बिघडतं का, असं तुमच्यातले बरेच जण विचारतात. डोक्याचं नंतर पाहू. आधी बिघडते ती झोप, आणि माझ्या रोजच्या रुग्णांत तेच सगळ्यात जास्त दिसतं. झोप गेली की चिडचिड, विसराळूपणा, लक्ष न लागणं हे सगळं मागोमाग येतं. मग माणूस म्हणतो, मोबाइलनं माझी स्मरणशक्ती गेली. अहो, पाच तास झोपल्यावर कुणाची राहील?

यात निळ्या प्रकाशाला फार बदनाम केलं गेलंय. चष्मेवाले त्यावर हजारो रुपयांच्या काचाही विकतात. बोस्टनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये छापलेला एक प्रयोग आहे. १२ निरोगी माणसांना झोपण्याआधी चार तास झगझगीत पडद्यावर पुस्तक वाचायला दिलं. मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वर्दी देणारं संप्रेरक, कमी झालं हे खरं. पण छापील पुस्तक वाचलं त्या रात्रींच्या मानाने त्यांना झोप लागायला साधारण दहा मिनिटंच उशीर झाला. काकूंचे तीन तास जात होते. ते प्रकाशानं खाल्ले नाहीत, 'आता हा शेवटचा व्हिडिओ'नं खाल्ले.

कारण शेवटचा व्हिडिओ नसतोच. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं, सिनेमाला 'समाप्त' असतं. बोटानं सरकवत राहायच्या या पट्टीला मुद्दामच तळ ठेवलेला नाही. त्यातून दहांत एखादीच गोष्ट खरंच मजेची निघते, आणि ती नेमकी कितवी हे कळत नाही. मटक्याचा आकडा रोज लागला असता तर त्याचा नाद कुणाला लागला नसता. लागेल की नाही या टांगणीवरच मेंदूतलं डोपामिन उसळतं, आणि बोट पुढे सरकतं.

तरीही मी याला सरसकट व्यसन म्हणत नाही. १९९५ साली न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ आयव्हन गोल्डबर्ग यांनी 'इंटरनेटचं व्यसन' असा आजार निव्वळ थट्टेनं लिहून काढला होता. झालं भलतंच, 'हे मलाच झालंय' म्हणत लोक पुढे आले! जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, गेम खेळण्याचा विकार आहे, नुसत्या इंटरनेटचा नाही. त्याच्याही अटी कडक आहेत. खेळण्यावर ताबा राहत नाही, खाण्यापिण्या-अभ्यासाआधी खेळच येतो, नुकसान दिसत असूनही तो थांबत नाही, आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असतं. असं घरात दिसत असेल तर ओरडण्यात वेळ घालवू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून यासाठी वेगळं क्लिनिक चालतं.

स्मरणशक्तीचं म्हणाल तर, आमच्या वडिलांना पावकी-निमकी तोंडपाठ होती, मला नाही, आणि त्यावाचून माझं अडलंही नाही. प्रत्येक गोष्ट डोक्यातच ठेवली पाहिजे असं नाही. पण एक सवय लावून घ्या. एखादं नाव आठवत नसेल तर फोन उचलण्याआधी मिनिटभर डोक्याला ताण द्या. ओढून काढलेली आठवण पक्की बसते, आयती मिळालेली निसटते. औषधाच्या डोसाच्या बाबतीत मात्र मी हा प्रयोग करत नाही, सरळ बघतो. तुम्हीही करू नका.

मुलांच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नको, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोबाइल दाखवून घास भरवणं बंद करा. दोन दिवस मूल कमी जेवेल, चालेल. आणि शाळकरी मुलाच्या हातून फोन हिसकावताना दुसऱ्या हातात स्वतःचा फोन धरू नका. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाचं मला म्हणून कौतुक वाटतं. २०२२ मध्ये तिथे गावानं ठरवलं, संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद. पोरांचा मोबाइल बंद करताना मोठ्यांची मालिकाही बंद झाली, यातच सगळं आलं.

काकूंना मी गोळी दिली नाही. फोनचा चार्जर स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारच्या प्लगला लावायचा आणि दहानंतर फोन तिथेच ठेवायचा. भजनी मंडळाच्या ग्रुपचा आवाज बंद. फोन आला तर वाजू दे, मेसेज वाजायला नको. "आणि पहाटे गजर?" त्यांनी विचारलंच. हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि त्याच वाटेनं फोन पुन्हा उशाशी येतो. म्हटलं, बाजारातून गजराचं साधं घड्याळ आणा. पहिले चार-पाच दिवस हात उशीखाली चाचपडेल, करमणार नाही, त्याला घाबरू नका.

तीन आठवड्यांनी त्या आल्या. आता अकराच्या सुमाराला डोळा लागतो म्हणाल्या, पण तक्रार होतीच. "तुमच्या त्या घड्याळाच्या टिकटिकीनं मेलं मध्येच जाग येते." म्हटलं, मग घड्याळही स्वयंपाकघरात ठेवा. गजर बंद करायला तिथवर चालत जावं लागेल, तोवर झोपही उडेल. नातू या खेपेला आला नव्हता, त्याची कबड्डीची मॅच होती.