दुपारी दोनला जागेवर जा

पोरी, आर्किटेक्ट होऊन सोलापुरातच पहिलं घर करायला घेतलंस, मामाला फार बरं वाटलं. चाळीस वर्षं मी साइटवर सुपरवायझर म्हणून काढली. चार गोष्टी सांगतो, वहीत उतरवून घे.

नकाशा काढायच्या आधी जागेवर जा, आणि तेही मे महिन्यात, दुपारी दोनला. सकाळी कुठलाही प्लॉट छानच वाटतो. पारा 43 वर असताना तासभर तिथं बस. वारा कुठून येतो, शेजारच्या भिंतीची सावली कुठवर पोचते, पायाखाली काय तापतंय, ते बघ. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे एक दिवस सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली पायातच राहते. ऑगस्ट लागताना पुन्हा तसंच. म्हणजे उन्हाळ्याचा सगळ्यात मोठा मार छतावर. दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा पुरतो. पश्चिमेचं ऊन मात्र तिरपं होऊन छज्ज्याखालून आत शिरतं, तिकडे न्हाणी, जिना, कोठीची खोली टाक. झोपायची खोली त्या बाजूला काढलीस तर रात्री अकरालाही भिंतीला हात लावून बघ, तव्यासारखी लागेल.

मग खड्डा. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात मनगटापर्यंत हात जाईल एवढी भेगाळते. पाया मुरमावरच टेकला पाहिजे, आणि मुरूम सगळीकडे सारख्या खोलीवर लागत नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. शहराबाहेर एक घर होतं. समोरच्या कोपऱ्यात चार फुटांवर मुरूम लागला, मी तेवढ्यावर समाधान मानलं, मागचा कोपरा तपासलाच नाही. दोन उन्हाळे गेले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपासून तिरपी भेग निघाली. मालकांनी मला बोलावलं, तोंडानं काही बोलले नाहीत, त्या भेगेत फक्त बोट घालून दाखवलं. ते बोट मला अजून दिसतं. म्हणून प्लॉटच्या चारही कोपऱ्यांत खड्डे घ्यायला लाव, आणि प्रत्येकात स्वतः उतरून बघ. मुरूम फारच खोल असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला अंडर-रीम्ड पाइलबद्दल विचार. खाली कांद्यासारखा फुगवटा असलेले ते पाइल अशा मातीतच कामाला येतात. जोत्यात भर मुरमाची घाल, उकरलेली काळी माती बागेत टाक. आणि घराभोवती फरसबंदी कर, शहाबादी कुठं लांबून आणायची आहे! उतार मात्र बाहेर ठेव.

पश्चिमेला कडुनिंब लाव, पण भिंतीला खेटून नको. मुळं मातीतला ओलावा ओढतात, माती आकसते, पाया बसतो. झाड मोठं झाल्यावर जेवढं उंच होईल तेवढं अंतर सोडता आलं तर उत्तम.

आता छत. तुझ्या पणजोबांच्या वाड्याचं माळवद आठवतं? तुळया, त्यावर किलचं, त्यावर निंबाचा पाला, मग चिखल आणि वर पांढरी माती. मृगाच्या आधी दरवर्षी माती टाकून चोपायची. भर दुपारी खाली गारवा असायचा, आणि छताला ठेवलेल्या सवण्यातून ऊन उतरून जमिनीवर एक गोल पडायचा. पण ते माळवद जसंच्या तसं पुन्हा बांधू नकोस. 1993 च्या 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्याच जड छतांनी आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी हजारो माणसं गाडली. त्यानंतर मी तिकडे गेलो होतो. जाड भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींपासून सुटून पडल्या होत्या, दोन्हींना बांधणारा आरपार दगड फारसा कुठं दिसला नाही. माळवदातून तू गारवा घे, वजन घेऊ नकोस. स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा, त्यावर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. पैसे नसतील तर उन्हाळ्याच्या तोंडाला चुन्याचे दोन हात. सवण्याची जागा उंच झरोक्याला दे, रात्री उघडा, सकाळी नवाला बंद.

पाण्याची टाकी घराच्या आधी बांधून घे. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर 100 मिलिमीटर पाऊस पडला की नऊ हजार लिटरच्या वर पाणी होतं. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात येतो. छत होईपर्यंत टाकीत टँकरचं पाणी साठव, क्युरिंगला तेच वापर. बारदान ओलं करून झाक, पाणी वाया जात नाही.

सगळ्यात जास्त लक्ष पुढच्या गोष्टीकडे दे. तुझी कल्पना नकाशावर मरत नाही, साइटवर मरते. तू उभ्या विटांची पोकळ भिंत काढशील, लॉरी बेकरांनी केरळात रुजवली तशी. त्यात जवळजवळ चौथाई विटा वाचतात आणि पोकळीमुळं ऊन अडतं. पण गवंड्यानं ती कधी रचलेली नसते. त्याला कागद देऊ नकोस. पहिल्या दिवशी चार फुटांची नमुन्याची भिंत त्याच्याकडून रचून घे, चुकली तर पाडायला लाव, मजुरी मात्र पूर्ण दे. विटा वेड्यावाकड्या आल्या तर हा प्रकार सोड आणि साधी नऊ इंची भिंत घे, त्यात कमीपणा नाही. मिस्त्रीला विचारत जा. ओळंबा त्याच्या हातात आहे.

पैसे कमी पडायला लागले की ठेकेदार पहिल्यांदा छज्जा आणि गच्चीवरचा थर कापायला सांगतो, कारण ते फोटोत उठून दिसत नाहीत. तिथं अडून बस. दर्शनी ग्रॅनाइट आणि पीओपीचं छत सोडायला लाव. मालकांना हे बांधकाम सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेव, नंतर ऐकत नाहीत.

आणि घर ताब्यात दिल्यावरही सप्टेंबरातल्या पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन जा. घराभोवती एक चक्कर मार, पाणी कुठं साचतंय ते बघ, पन्हळीखाली हात धरून बघ. मालकीणबाई चहाला बसवतील, बस. रात्री झोप कशी लागते ते विचार.